न विचारलेलं

ब्रॉडरन, इंडियाना
नववा महिना, अकरावा दिवस, १८५३

प्रिय फीबी,

तुझं पत्र मिळालं. ऑरिनला न्यायाधीश नेमलं हे वाचून आनंद झाला असं लिहायला हवं, पण मनात नसलेलं लिहिणं मला जमत नाही हे तुला माहीत आहे. मला आधी काळजी वाटली. नवा कायदा आल्यापासून पळून आलेल्या गुलामांचे खटले तुमच्याच कोर्टात चालतात. ऑरिन मनाने वाईट नाही. आई गेली तेव्हा तो तुला घेऊन आला होता. आपल्यापैकी कोणी त्याला बस म्हणालं नाही, तरी दिवसभर अंगणात उभा राहिला. ते मी विसरलेले नाही. पण चांगल्या माणसाने ती खुर्ची घ्यावी की घेऊ नये, हे मला उमगत नाही.

तू विचारतेस, माझ्या पत्रांतून हल्ली ‘मी’ जाऊन ‘आम्ही’ कसं आलं. तुझी नजर अजून तशीच तीक्ष्ण आहे.

तिचं नाव टेमर. चार वर्षांपूर्वी थंडीत एका म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन ती मागच्या दाराशी आली. म्हातारा काही दिवसांनी आपल्या माळ्यावरच वारला. ती राहिली. तो पळून आलेला गुलाम होता हे त्याच्या पाठीवरचे वळ बघूनच कळत होतं. तीही तशीच असणार. असणार म्हणते, कारण मी विचारलेलं नाही. आजोबांपासून या घरात तीच रीत आहे. आलेल्याला वाढायचं, अंथरूण द्यायचं, पण कुठून आलास, कोणाचा, हे विचारायचं नाही. विचारलं की कळतं, आणि कळलं की दारात येऊन कोणी विचारलं तर सांगावं लागतं. खोटं तर बोलायचं नाही. एकदा सफरचंदं सोलता सोलता ती म्हणाली, “माझी आई सालं अशी फेकत नसे, ती काय करायची...” मी तिला तिथेच थांबवलं. म्हटलं, “नको गं. जे मला माहीतच नाही ते माझ्याकडून कोणी काढून घेऊ शकणार नाही.” ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तुम्ही लोक अजब आहात, केझाया.”

बोलकी आहे ती, फार बोलकी. आपल्या क्वेकर सभेत प्रार्थनेला तासभर गप्प बसायचं म्हणजे तिला शिक्षा वाटायची. आपल्या सभेतला जेथ्रो म्हणायचा, “या बाईच्या डोक्यातलं बोलणंसुद्धा मला मागच्या बाकावरून ऐकू येतं.” पण शिकली. कोणी अनोळखी माणूस येऊन आरडाओरडा करू लागला तर काय करायचं, तेही मी तिला शिकवून ठेवलंय. उत्तर द्यायचं नाही. हात मांडीवर ठेवायचे आणि सभेत बसतो तसं बसायचं. आपल्या गप्प बसण्याने आजवर कोणाचं वाईट झालेलं नाही.

तुझी बहीण,
केझाया

•

पोर्ट हॅरो, ओहायो
२६ सप्टेंबर १८५३

प्रिय ताई,

मी महिन्यांची नावं जगासारखी लिहिते, याचं तुला अजून वाईट वाटत असेल. आता सवय झाली. सभेबाहेरच्या माणसाशी लग्न केलं म्हणून ज्यांनी मला सभेतून काढलं, त्यांच्या पद्धतीने तारीख घालायला हात वळत नाही.

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्यावर पानभर लिहिलं आणि ते पान चुलीत टाकलं. जाऊ दे.

ह्यांच्याबद्दल तू जे लिहिलंस ते मी ह्यांना वाचून दाखवलं नाही. पण काळजी तर मलाही वाटते. परवा नदीवरून येताना म्हणाले, “फीबी, पलीकडचा गुलामगिरीचा काठ इतका जवळ आहे की तिकडचा कोंबडा आरवलेला इथे ऐकू येतो. आणि मला म्हणे माणसाचा काठ ठरवायचा आहे.” जेवले नाहीत नीट.

तुझ्याकडच्या बाईचं नाव मला पुन्हा लिहू नकोस. तू जसं विचारत नाहीस, तसं मलाही न कळलेलं बरं. न्यायाधीशाची बायको आहे मी. पण मनातलं सांगू? ‘आम्ही’ वाचून मला जरा झोंबलं. माझी जागा कोणीतरी घेतली असं वाटलं. आणि लगेच वाटलं, घेतली तर घेतली. तू एकटी नाहीस ना.

हे घर फार मोठं आहे, ताई. बाळाच्या वेळेपासून वरची खोली बंदच असते. हिवाळ्यात तेवढंच लाकूड वाचतं.

तुझी,
फीबी

•

ब्रॉडरन
दहावा महिना, विसावा दिवस

फीबी,

घाईत लिहिते. टेमरला नेलं.

काल सकाळी आम्ही अंगणात तांब्याच्या हंड्यात सफरचंदं आटवत होतो. सरकारी मार्शलची दोन माणसं आली आणि त्यांच्याबरोबर केंटकीचा गॅरट नावाचा एक माणूस. तो थेट तिच्यासमोर येऊन उभा राहिला. हसत म्हणाला, “काय ल्युसिंडा, ओळखलंस ना मालकाला? बरंच पळवलंस मला.”

टेमरने तोंड उघडलं. काहीतरी म्हणणार होती. मी तिचा हात धरला आणि दाबला. तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या त्या बघण्यात काय होतं ते मी रात्रभर आठवतेय, पण मला त्याला नाव देता येत नाही. मग ती बाकावर बसली, हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. मी तिच्याशेजारी बसले.

गॅरट पुन्हा म्हणाला, “तू माझी ल्युसिंडाच आहेस ना?” ती गप्प. तिसऱ्यांदा विचारलं. तरी गप्प. मग तो मार्शलच्या माणसांकडे वळला, “बघितलंत? नाही म्हणते का? ध्यानात ठेवा तुम्ही दोघं.” त्यातला तरुण जरा ओशाळला होता. हंडा करपत होता, तर त्याने सवयीने पळी घेऊन ढवळला. कोणाच्या तरी घरी तोही हे काम करत असणार.

तिला गाडीत बसवलं तरी ती एक शब्द बोलली नाही. मला तिचा अभिमान वाटला, फीबी. आपल्यात जन्मलेल्यांनासुद्धा असं बसता आलं नसतं.

तिला पोर्ट हॅरोला आणतायत. म्हणजे खटला ऑरिनपुढे येईल. जेथ्रो म्हणतो, दुसऱ्या न्यायाधीशाने आजवर एकालाही सोडलेलं नाही. ऑरिन नात्याचं कारण सांगून बाजूला होईल अशी मला भीती वाटते. त्याला होऊ देऊ नकोस. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही.

केझाया

•

पोर्ट हॅरो
२४ ऑक्टोबर १८५३

प्रिय ताई,

तुझं पत्र घेऊन मी सरळ ह्यांच्या खोलीत गेले. ते आधीच बाजूला व्हायचं पत्र लिहीत बसले होते. म्हणाले, “साक्षीदार माझी मेहुणी. मी त्या बाईला सोडलं तर लोक म्हणतील बायकोने सोडवली. नाही सोडलं तर तू काय म्हणशील?” मी म्हटलं, “मी काही म्हणणार नाही. पण तुम्ही हा खटला दुसऱ्याकडे दिलात तर मात्र रोज म्हणेन.” मग त्यांनी ते पत्र फाडलं.

उगीच आशा लावत नाही, पण हे वाट शोधतायत. नव्या कायद्यात त्या बाईला स्वतःच्या खटल्यात साक्षच देता येत नाही, हे ह्यांना फार लागलंय. “ज्याचं सगळं जायचं त्यालाच बोलायची बंदी,” म्हणाले. रात्री दिवा विझवत नाहीत. जेवतानाही तेच डोक्यात. काल मला विचारत होते, तुमच्या सभेत निर्णय कसे होतात, हात वर करतात का. लग्नाला बारा वर्षं झाली, आणि आपल्या सभेबद्दल पहिल्यांदाच काही विचारलं ह्यांनी. मी सांगितलं सगळं. बोलताना किती जुनं जुनं वर आलं.

तू उतरायला माझ्याकडे येणार नाहीस हे मला माहीत आहे. ते योग्यही दिसणार नाही. पण कोर्टात मी मागे उभी असेन. हिरवी शाल असेल अंगावर. बघ माझ्याकडे एकदा.

फीबी

•

ब्रॉडरन
अकरावा महिना, दुसरा दिवस

फीबी,

तू मागे उभी होतीस. मी बघितलं. तू मान खाली घातलीस.

तू तिथे होतीस तरी मला हे लिहावंसं वाटतं. मी काय ऐकलं आणि तू काय ऐकलंस, ते एकच होतं का ते मला कळायला हवं.

सुरुवातीला तर लोक हसतच होते. जेथ्रोने हॅट काढली नाही म्हणून शिपायाने ती ओढून काढली, तेव्हा जेथ्रो म्हणाला, “ठेव तुझ्याकडे. तुझं डोकं माझ्यापेक्षा गार दिसतंय.” मी ऑरिनला ‘तू’ म्हटलं तेव्हा गॅरटचा वकील म्हणाला, “या क्वेकर बाई न्यायमूर्तींना अरेतुरे करतात, आणि आपण त्यांच्याकडून सभ्य साक्षीची अपेक्षा करतोय.” ऑरिन म्हणाला, “त्या देवालाही तसंच म्हणतात. पुढे चला.” तेव्हा मला वाटलं, सगळं ठीक होणार.

आपल्या मंडळींनी दिलेल्या त्या तरुण वकिलाला टेमरशी बोलायला जेमतेम पाव तास मिळाला होता. तो उठून म्हणाला, ही बाई गुलाम नव्हेच, पेनसिल्व्हेनियात स्वतंत्र जन्मलेली आहे, माणसं आणून सिद्ध करतो, काही आठवडे द्या. फीबी, मला लाज वाटली. त्याने तिला वाचवायला खोटं रचलं असं मला वाटलं, आणि आपल्या बाजूने कोणी खोटं बोलावं हे मला सोसेना. मग गॅरटच्या वकिलाने मला उभं केलं.

“ती स्वतंत्र आहे असं तिने तुम्हाला कधी सांगितलं?”

“नाही.”

“तुम्ही कधी विचारलं?”

“नाही.”

“चार वर्षांत?”

“आम्ही विचारत नाही.”

“मग तुम्ही काय समजत होता? कोण आहे ती?”

जे समजत होते तेच मी सांगितलं. पळून आलेली आहे असं समजत होते. टेमर उठून उभी राहिली, तोंड उघडलं, तर शिपायाने तिला खांदा दाबून खाली बसवलं.

मग तो वकील म्हणाला, स्वतंत्र होती तर तोंडावर ‘माझी गुलाम’ म्हटल्यावर ‘नाही’ का म्हणाली नाही? समोरचा आपल्याबद्दल काही बोलला आणि आपण गप्प राहिलो, तर कायदा त्याला कबुली धरतो. आपला वकील म्हणाला, ती क्वेकरांत राहिली, त्यांच्यात गप्प राहणं ही प्रार्थना असते.

तेव्हा ऑरिनने मला स्वतः विचारलं. आवाज अगदी हळू होता. “तुमच्या सभेत चिटणीस निर्णय वाचून दाखवतो, त्यावेळी जो गप्प बसतो त्याची संमती आहे असं धरतात का?”

मी म्हटलं, “धरतात. पण ते सभेच्या कामापुरतं. एरवी...”

“उत्तर मिळालं,” गॅरटचा वकील म्हणाला.

ऑरिनने आठवडे दिले नाहीत. तिला गॅरटला देऊन टाकलं. नेताना ती माझ्यासमोरून गेली. म्हणाली, “तू मला कधीच विचारलं नाहीस, केझाया.” रागावून नाही म्हणाली. विसरलेली वस्तू दाखवावी तसं म्हणाली.

मला एकच सांग. तो प्रश्न बाहेरच्या माणसाला सुचणारा नाही. चिटणीस, वाचन, गप्प बसणं, हे आपल्यातल्याच कोणीतरी त्याला सांगितलेलं आहे. सभेच्या कामाबद्दल तू सांगितल्याचं तुझ्या पत्रात होतं, पण गप्प बसणं म्हणजे संमती, हे? कोणी सांगितलं?

केझाया

•

पोर्ट हॅरो
१९ नोव्हेंबर १८५३

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला. इथे थंडी लवकर पडली आहे. नदीच्या कडेला बर्फ धरायला लागलाय. माझा खोकला बरा आहे. हे कामासाठी बाहेरगावी जास्त असतात.

तू विचारलंस ते मी बघेन.

तुझी,
फीबी

•

ब्रॉडरन
पहिला महिना, पंधरावा दिवस, १८५४

फीबी,

तुझ्या दोन ओळींनंतर मी लिहिणार नव्हते. पण आज लिहायला हवं.

काल दुपारी जेथ्रोच्या बर्फावरच्या घसरगाडीतून एक काळी बाई आली. साठीची असेल, ठेंगणी, हातांची कातडी धुण्याने पांढरी पडलेली. म्हणाली, “मी जेमिमा ग्रीनली. टेमरची आई.” त्या तरुण वकिलाने खटला संपल्यावरही पत्र पाठवायचं थांबवलं नव्हतं. त्यांच्या गावातल्या चर्चमध्ये ते वाचलं गेलं आणि ही बाई एकटी, हिवाळ्यात, निम्मा देश ओलांडून आली.

टेमर स्वतंत्रच होती, फीबी. लँकेस्टरजवळ जन्मली. आईही तिथलीच, आजीही. वकील खरं बोलत होता. टेमर नदीवरच्या बोटीत चादरी धुण्याच्या कामाला होती. तिथे कोळशामागे लपलेला तो म्हातारा तिला सापडला. तिने त्याला उचललं आणि पहिल्या धक्क्यावर उतरली, अंगावरच्या कपड्यांनिशी. तिची पेटी, तिचे कागद, सगळं बोटीबरोबर गेलं. मी तिला पळून आलेली समजले, आणि ती पळालेल्याला घेऊन आलेली होती.

जेमिमाला मी चहा दिला. तिने घेतला नाही. विचारलं, “झोपायची कुठे?” मी दाखवलं. उशीवर हात फिरवला. मग स्वयंपाकघरात येऊन बसली आणि म्हणाली, “एक मला कळत नाही. वकील लिहितो, त्या माणसाने तीनदा विचारलं आणि माझी पोर गप्प बसली. माझी टेमर? अहो, तिचं तोंड बंद ठेवता ठेवता माझी हयात गेली. पाद्री प्रवचन करायचा त्यालाही मध्ये बोलायची. तिला गप्प बसायला शिकवलं कोणी?”

मी म्हटलं, “मी.”

तिने माझ्याकडे बघितलं. टेमरने अंगणात बघितलं होतं तसंच. त्या बघण्याला काय म्हणायचं ते आता मला माहीत आहे. ‘सांगू दे ना’ असं होतं ते.

जेमिमाने मग टेबलावरचं सफरचंद घेतलं, सालाची एकच लांब पट्टी न तुटता काढली, ती अंगठ्याभोवती गुंडाळून फुलासारखी केली आणि माझ्या समोर ठेवली. म्हणाली, “लहानपणी हे दिलं की थोडा वेळ गप्प बसायची.” त्या दिवशी सफरचंदं सोलताना टेमर मला हेच सांगणार होती.

ऑरिनला हे कळव. अजून काही करता येत असेल तर त्याने करावं. तुझ्याकडून दुसरं काही नको.

केझाया

•

पोर्ट हॅरो
३ फेब्रुवारी १८५४

ताई,

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. वाचून होईपर्यंत उभे होते, मग बसले. त्याच दिवशी केंटकीला माणूस पाठवला. गॅरटचं उत्तर आलं आहे. लिहितो, ती आपली ल्युसिंडा नव्हे हे घरी नेल्यावर आपल्या लक्षात आलं, पण कोर्टानेच हुकूम देऊन ती आपल्याला दिली, तेव्हा तिला विकायचा अधिकार आपल्याला कोर्टानेच दिला. विकली. खाली मिसिसिपीकडे. कोणाला, ते त्याला आठवत नाही. ह्यांनी तिथल्या तीन वकिलांना लिहिलंय, पाठोपाठ माणूसही पाठवलाय. पण ल्युसिंडा म्हणून विकलेल्या बाईला टेमर म्हणून कुठे शोधायचं, हे कोणालाच सांगता येत नाही.

तू विचारलं होतंस, कोणी सांगितलं. मी.

त्या दिवशी जेवताना हे म्हणाले, “तुमच्यात कोणी गप्प बसलं तर त्याचा अर्थ काय होतो?” मी ‘प्रार्थना’ म्हणू शकले असते. ‘काही अर्थ होत नाही’ म्हणू शकले असते. दोन्ही खरं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर ती सभा आली. बारा वर्षांपूर्वीची. चिटणीस उभा राहून वाचतोय की फीबीला या सभेतून काढण्यात येत आहे, आणि तू तिसऱ्या बाकावर बसली आहेस, हात मांडीवर. कोणी नाही म्हटलं नाही. तूही नाही. मी तुझ्याकडे बघत होते, ताई. तो कागद वाचून संपेपर्यंत मी फक्त तुझ्याकडे बघत होते.

म्हणून मी ह्यांना म्हटलं, “आमच्यात गप्प बसतो त्याची संमती असते. मला अनुभव आहे.”

कशासाठी विचारतायत ते मला माहीत नव्हतं असं मी स्वतःला रोज सांगते. पूर्ण खरं नाही ते. थोडं माहीत होतं. पण त्या क्षणी माझं दुखणं टेमरपेक्षा मोठं होतं, आणि कोणीतरी पहिल्यांदाच त्याबद्दल विचारत होतं.

निकालानंतर हे मला म्हणाले, “गप्प बसण्याचा तसा अर्थ होत नाही, असं तू म्हणशील असं मला वाटलं होतं. मी त्यासाठीच विचारलं होतं. आणि एकदा तुझ्याकडून कळल्यावर ते लपवून निकाल देणं मला जमेना.” बघ, ताई. तू खरं बोललीस, हे खरं वागले, मीही खरंच सांगितलं. सगळे किती खरे आहोत आपण.

हल्ली आमच्या जेवणाला कोणी बोलत नाही. परवा मी ह्यांना म्हटलं, “तुम्ही गप्प आहात, याचा मी काय अर्थ धरू?” ते ताटावरून उठून गेले. त्यांनी राजीनामा लिहून ठेवलाय. पाठवतील की नाही, मी विचारलेलं नाही.

तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

फीबी

•

ब्रॉडरन
तिसरा महिना, पाचवा दिवस, १८५४

फीबी,

तुझं पत्र बरेच दिवस टेबलावर ठेवलं होतं. जेवताना समोर असायचं. तुझ्यावर मी रागावले आहे. ते जाईल असं वाटत नाही, आणि गेलं नाही तरी मी तुला लिहीत राहणार आहे.

आता त्या सभेबद्दल. मी उठणार होते. आपल्यात आतून शब्द आल्याशिवाय उठायचं नसतं, म्हणून मी शब्दाची वाट बघत बसले. हुंदका येत होता, शब्द येत नव्हता. तुझ्याकडे बघितलं असतं तर मोठ्याने रडले असते, म्हणून गुडघ्यांकडे बघत होते. तेवढ्यात चिटणिसाने कागदाची घडी घातली. माझी संमती नव्हती, फीबी. एका क्षणासाठीही नव्हती. तू बारा वर्षांत मला विचारलं नाहीस, आणि मी सांगितलं नाही. तू विचारत नाहीस म्हणजे तुला माहीत असणार, असं मी धरून चालले.

जेमिमा अजून माझ्याकडे आहे. मिसिसिपीहून काही कळलं तर ते इथे कळेल म्हणून थांबली आहे. रोज दुपारी फाटकापर्यंत जाते. आम्ही फार बोलत नाही, पण ती बोलते तेव्हा मी विचारते. टेमर पोहायची हे मला आता माहीत आहे. तिला एक भाऊ होता आणि तो तोतरा होता. टेमर त्याच्या वतीने बोलायची, तिथून तिला बोलायची सवय लागली.

गेल्या आठवड्यात मागच्या दाराशी एक बाई आणि तिची लहान मुलगी आली. आधी वाढलं. मग मी समोर बसले आणि विचारलं, “नाव काय तुझं? कुठून आलीस? तुझं कोण आहे, कोणाला कळवायचं?” ती इतकी घाबरली की उठून जायला निघाली. जेमिमाने तिला बसवलं. “सांग गं,” म्हणाली, “या घरात आता विचारतात.” मग तिने सांगितलं, सगळं, नदी कुठल्या वळणावर ओलांडली तेसुद्धा.

आता मला माहीत आहे. उद्या कोणी दारात येऊन विचारलं तर मी खोटं बोलणार. हे मी सभेत उभं राहून सांगितलं. आतून शब्द आला नव्हता, तरी उठले. कोणी काही बोललं नाही. चिटणीस पुढचं वाचायला लागला, तेव्हा मी म्हटलं, “थांब. एकेकाला विचार.” तसं आजवर कोणी केलेलं नाही. त्याला कसं विचारायचं तेही कळेना. जेथ्रोने त्याची सुटका केली. “माझ्यापासून सुरू कर,” म्हणाला, “मला ऐकू कमी येतं, तेव्हा जरा मोठ्याने.” मला सभेतून काढतील कदाचित. तेव्हा तारीख कशी लिहायची ते तू शिकव.

तुझं मूल गेलं तेव्हा जेथ्रोने शहरातून बातमी आणली होती. मी त्या रात्री तुझ्यासाठी लोकरीचे मोजे विणायला घेतले, आणि मग वाटलं, तू स्वतः लिहिलेलं नाहीस, तर विचारू नये. ते मोजे अजून माझ्या पेटीत आहेत. तू त्या वरच्या खोलीबद्दल लिहिलंस तेव्हाही मी तेच केलं. टेमरला नेलं नसतं तर पुढच्या पत्रात फक्त लाकडांबद्दल लिहिलं असतं.

आता विचारते. मुलगा होता की मुलगी? किती जगलं? केस कसे होते, आपल्या आईसारखे की तुझ्यासारखे? पुरलं कुठे?

आणि फीबी, नाव काय ठेवलं होतंस?

केझाया